सुट्टीतली ड्युटी

आमच्या इमारतीत बाबांना सगळे 'मीटर' म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर 'साहेब' म्हणतात, कारण कोणाच्या घरात किती वीज जळते हे ज्याला ठाऊक असतं त्याच्याशी गोड बोललेलं बरं. बाबा वीज कंपनीत मीटर रीडर आहेत. निळा शर्ट, डोक्यावर टोपी, खिशात टॉर्च, गळ्यात ओळखपत्र, हातात आकडे भरायचं छोटं यंत्र. जिन्याखालच्या अंधारात वाकायचं, मान तिरकी करायची आणि आकडा मोठ्याने म्हणायचा, "चार, सात, एक, शून्य, दोन." मोठ्याने म्हटल्याशिवाय बाबांना आकडा दिसतच नाही. एकदा त्यांचा घसा बसला, तेव्हा ताप नसताना त्यांनी दोन दिवस रजा टाकली होती.

एकवीस वर्षं आकडे वाचून त्यांची एक वेगळीच नजर तयार झाली आहे. "दुसऱ्या मजल्यावर दोन पंखे चालू आहेत रात्रभर. नवरा-बायकोचं बिनसलंय." आठवड्याने त्या घरातली बाई खरंच माहेरी निघून जाते. "समोरच्यांकडे कोणीतरी आजारी आहे, गीझर दुपारी लागतोय." असतंच कोणीतरी आजारी. फक्त स्वतःच्या घरात काय चाललंय ते बाबांना मीटरवरून कळलं नाही.

आमचं मीटर तळमजल्यावर आहे, जिन्याखाली. संध्याकाळी कामावरून आले की बाबा आधी तिथे वाकायचे आणि तिथूनच आमचा आकडा वर फेकायचे. तिसऱ्या मजल्यावरून आई विचारायची, "कालच्यापेक्षा किती?" "पाच." "मग या वर." सहा निघाले की आई वरूनच खुलासा करायची, "अहो, इस्त्री केली होती, या आता." इतर नवरे बेल वाजवतात, आमच्याकडे आकडा वाजायचा. सगळ्या जिन्याला आमचं बिल पाठ होतं.

मग हिवाळ्यात एकदा वरून उत्तर आलं नाही. बाबांनी आकडा पुन्हा म्हटला. मग तिसऱ्यांदा. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून सांगितलं, "साहेब, आम्ही लिहून घेतलाय, आता वर जा." बाबांना वाटलं आई रागावली आहे. आठवडाभर त्यांनी आपलं काय चुकलं ते आठवून पाहिलं, सापडलेल्या तीन चुकांची माफीही मागून टाकली. आईला त्यातल्या दोन माहीतच नव्हत्या. त्यावरून खरंच भांडण झालं. ते मिटल्यावर कळलं की आईला रागबिग काही नव्हता, ऐकूच येत नव्हतं.

आई लाँड्रीच्या काउंटरवर बसायची. कपडे घ्यायचे, डाग बघायचे, चिठ्ठी फाडायची, तारीख द्यायची. गिऱ्हाईक म्हणजे वीस तऱ्हेचे आवाज. दात न उघडता बोलणारे, पाठ फिरवून बोलणारे, फोनवर दुसऱ्याशी बोलता बोलता आपल्याशी बोलणारे. आईने तोंडाकडे बघून अर्थ लावायला सुरुवात केली आणि त्यात ती इतकी तयार झाली की चार-पाच महिने दुकानात कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. पण पाठ फिरवून बोलणाऱ्याचं तोंड कुठून बघणार? दोन सूट चुकीच्या दिवशी तयार झाले, एका बाईंनी काउंटरवर हात आपटला, आणि मालकांनी आईला आत बोलावलं.

मालकांचं प्रत्येक वाक्य 'माझं काही नाही'ने सुरू होतं. "माझं काही नाही हो, पण गिऱ्हाईक ओरडतंय. माझं काही नाही, पण कानाचं काहीतरी बघा. ईस्टरची शुक्रवार ते सोमवार चार दिवस सुट्टी आहे, मंगळवारी मशीन लावून आलात तर काउंटर तुमचाच. नाहीतर मागे प्रेसवर जागा आहे. माझं काही नाही." प्रेस म्हणजे इस्त्रीची मागची खोली. वाफ, घाम आणि पगार एक तृतीयांश कमी. मालकांचं खरंच काही नव्हतं, जे होतं ते आईचं होतं.

कानाच्या मशीनच्या दुकानातली मुलगी मात्र फार गोड. तिला बाबांशी बोलताना मान एका बाजूला टाकायची सवय होती. "सर, मॅडमसाठी हेच बेस्ट आहे सर. अठरा हजारांचं आहे सर, पण ईस्टरनिमित्त साडेतेरा. आत्ता हा नमुनाच आहे सर, पीस मंगळवारी सकाळी येतील. सवलत फक्त त्याच संध्याकाळपर्यंत सर, आणि फक्त रोख." बाबांनी मशीन तळहातावर घेतलं आणि उलटंपालटं करून विचारलं, "वीज किती खातं?" मुलीची मान पहिल्यांदाच सरळ झाली.

आमच्याकडे पाकिटात नऊ हजार सातशे होते. आणि दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीत आम्ही समुद्रकाठी आत्याकडे जायचो, त्यासाठी वेगळे ठेवलेले चार हजार. आत्याकडे राहणं फुकट असायचं. फक्त जाण्याचे, येण्याचे, खाण्याचे आणि तिथे असण्याचे पैसे पडायचे. बस, मग सगळ्यांसाठी भेटी, मग "आता आलाच आहात तर निम्मा बाजार तुम्ही भरा", मग होडी. बाबांनी दोन्ही रकमा एका पाकिटात घातल्या आणि टेबलावर ठेवून त्यावर हात ठेवला.

"तेरा हजार सातशे. मशीन घेऊन दोनशे उरतात. चार दिवस कुठे जायचं नाही, काही आणायचं नाही, कोणाला बोलवायचं नाही. डाळ-तांदूळ घरात आहे. खेळायला पत्ते आहेत."

"आणि आत्याला काय सांगायचं?" मी विचारलं.

आईने लगेच बोट हलवलं. कानाचं सांगायचं नाही. आत्या पहिल्यांदा आईला भेटली, त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मुलगी चांगली आहे, पण काही विचारलं की दोनदा विचारावं लागतं. कान बरे आहेत ना?" तेव्हा आईचे कान ठणठणीत होते, ती फक्त लाजली होती. अठरा वर्षांत आई पुष्कळ विसरली, हे नाही. आता कान खरंच गेले म्हटल्यावर आत्याला मिळणारा आनंद तिला परवडणारा नव्हता.

बाबांची अडचण दुसरीच होती. त्यांची आई ते लहान असताना गेली, तेव्हा आत्या सोळा वर्षांची होती. तिने यांना भात भरवला, अभ्यासाला बसवलं, पहिल्या पगारातून शाळेची फी भरली. एकदाच भरली, पण त्या फीची पावती आत्याच्या बोलण्यात वर्षातून दोनदा तरी निघते. बाबा तिच्यासमोर आजही पाचवीत असल्यासारखे उभे राहतात. फोनवरसुद्धा उभे राहतात.

"ताई, यंदा जमणार नाही गं. सुट्टीत ड्युटी लागलीय. चारही दिवस."

बाबांना खोटं बोलायची सवय नाही. म्हणून त्यांनी ते आकडा वाचावा तसं सुटं सुटं म्हटलं. आत्याच्या प्रत्येक विचाराच्या आधी 'म्हणजे बघ हं' येतं. तिचा आवाज फोनमधून खोलीभर आला.

"म्हणजे बघ हं, तू येऊ शकत नाहीस तर आम्हीच येतो. ड्युटी काय दिवसभराची, संध्याकाळी तर घरी असशील. सुट्टीत माझा भाऊ एकटा राबणार आणि मी काय समुद्र बघत बसू?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"या की," बाबा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता आत्या, काका आणि टिल्लू दारात हजर. टिल्लू म्हणजे आत्याचा मुलगा, दहा वर्षांचा, तोंडाला झाकण नसलेला. सामान इतकं की जिन्यात मांडावं लागलं. कपडे समजू शकते, पण काकांनी घरातला नवा मिक्सरही बरोबर आणला होता. "सहज आणला," काका म्हणाले. काकांचं सगळं सहज असतं. सहज विचारतात, सहज मागतात, तुमचं सहज खाऊन टाकतात. मिक्सरशिवाय एक कुलूपबंद लोखंडी पेटी होती आणि आत्याचे चांगले कप होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं. चार दिवसांसाठी कप घेऊन कोण हिंडतं?

बाबा निळा शर्ट घालून तयार होते. टोपी, टॉर्च, ओळखपत्र. आकड्यांचं यंत्र ऑफिसात असतं, म्हणून त्यांनी माझा जुना कंपास बॉक्स रुमालात गुंडाळून हातात घेतला होता. डबा घेतला. "निघतो. लाइनीत बिघाड आहे, त्यामुळे..." पुढचं त्यांना सुचलं नाही.

"जा बाबा जा," आत्या म्हणाली. "तुला पहिल्यापासून कष्टाची सवय आहे."

आणि आमचे बाबा, सगळं शहर बंद असताना, एकवीस वर्षांत पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी, न लागलेल्या ड्युटीवर निघाले.

संध्याकाळी आले ते लंगडत. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं होतं वाचनालयात बसू. ते बंद. मग बसस्थानकाच्या बाकावर बसले, तर युनिफॉर्म बघून लोक गाड्यांच्या वेळा विचारायला लागले. बाबांना वेळा माहीत नव्हत्या, पण विचारणाऱ्याला नाही म्हणायची सवय नाही, म्हणून ते प्रत्येक वेळी उठून फलक वाचून येत होते. मोठ्याने. आत्या मात्र घरात म्हणत होती, "बघ, किती दमून आलाय. खरं काम आहे हे."

जिन्याखाली त्यांनी मीटर वाचलं, पण आकडा वर फेकला नाही. मी विचारलं किती. "सतरा," ते हळूच म्हणाले. आमचे दिवसाला पाच.

शनिवारी दुपारी आईने मला डोळ्यांनीच खूण केली, जा, बघून ये. मी तीन रस्ते पालथे घातले. बसस्थानक नाही, बाग नाही. मग फर्निचरच्या मोठ्या दुकानाच्या काचेतून मला टोपी दिसली. सुट्टीचा सेल लागला होता म्हणून त्या रस्त्यावर तेवढंच एक दुकान उघडं. आत राखाडी सोफ्यावर बाबा बसले होते, गुडघे जुळवून, मांडीवर डबा, सोफ्याला पाठ न टेकता. फुकट बसतोय तर निदान पाठ तरी टेकवू नये, असा त्यांचा हिशेब असणार. शेजारच्या सोफ्यावर एक जोडपं गिऱ्हाइकाच्या हक्काने पसरलं होतं.

मी आत जाईपर्यंत दुकानातला विक्रेता बाबांकडे पोचला. मला वाटलं, आता हाकलतो. तो अदबीने वाकून म्हणाला, "साहेब, आज सुट्टीच्या दिवशी? मीटर मागच्या बाजूला आहे, या ना."

बाबा उठले. काय करणार? त्याच्या मागून गेले, वाकले, मान तिरकी केली, टॉर्च मारला, आकडा म्हटला, आणि रुमालात गुंडाळलेल्या कंपास बॉक्सवर बोटाने टिचक्या मारल्या. मग सवयीने म्हणाले, "तुमचे वरचे दिवे दिवसाही चालू दिसतात. बिल जास्त येत असेल."

"तेच तर साहेब," विक्रेता म्हणाला आणि त्याने बाबांना कॉफी आणून दिली. बाबांनी ती उभ्यानेच प्यायली. मला बघितल्यावर त्यांचे कान लाल झाले.

"आईला सांगू नकोस मी सोफ्यावर बसलो होतो."

"मग काय सांगू?"

"सांग सावलीत होते."

घरी येऊन मी आईसमोर हा सगळा प्रकार करून दाखवला. विक्रेता, बाबा, कॉफीचा कप. आवाज काढला तरी आईला पोचत नाही, म्हणून आता मी सगळं चेहऱ्याने आणि हातांनी करते. आई भांडी घासता घासता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि ते पुसणं बरंच लांबलं.

तोपर्यंत दोनशे संपले होते. ते शुक्रवारी दुपारीच संपले, दुधात. काकांना चहा दिवसातून पाचदा लागतो, सहज. शनिवारी बाबा परतल्यावर सगळे पाय मोकळे करायला निघालो, तेव्हा टिल्लूने बेकरीच्या काचेत चॉकलेटचं डोक्याएवढं अंडं पाहिलं आणि रस्त्यावर बसकण मारली. आत्या बाबांकडे बघून हसली. "म्हणजे बघ हं, मामा एकच आहे त्याला." बाबांनी पाकिटात हात घातला.

त्याच संध्याकाळी काकांनी चहाचा पाचवा कप खाली ठेवून विचारलं, "सहज विचारतो हं मेव्हणे, सुट्टीच्या ड्युटीला डबल मिळतं ना?"

खोटं बोलणाऱ्याला मागे फिरायला जागा नसते. बाबांना एकच रस्ता दिसला, पुढचा. "हो," ते म्हणाले. "डबलच."

"म्हणजे बघ हं," आत्याने लगेच बोटं मोजली, "चार दिवसांचे आठ दिवस. मग सोमवारी तळ्याकाठच्या हॉटेलात जेवू या की सगळे. होडीतही बसू. नाहीतरी दरवर्षी तुम्ही आमच्याकडे होडीत बसताच."

न मिळणारा डबल पगार एका वाक्यात खर्च झाला.

रविवारी सकाळी नाश्त्याला सगळे टेबलाशी बसलो होतो. आई पाठमोरी, ओट्याशी. बाबा टोपी घालून निघायच्या बेतात. काकांनी बशीत पाव बुडवला.

"मेव्हणे, तुम्ही या विषयातले जाणकार. सहज विचारतो. समजा एका घरात आठ माणसं आहेत. चार दिवस. गीझर सकाळ-संध्याकाळ, सगळे पंखे, फ्रिज. किती युनिट होतील?"

बाबांना कोणी त्यांच्या कामातलं विचारलं की त्यांचा चेहरा उजळतो. फार वेळा कोणी विचारत नाही. त्यांनी टोपी काढली, बोटाने टेबलावर आकडे काढले. गीझर किती लिटरचा, फ्रिज जुना की नवा, सगळं विचारून घेतलं. "साठ-पासष्ट धरा. साठ नक्की. कोणाचं घर?"

"एका मित्राचं," काका म्हणाले.

"आठ नाही, नऊ आहेत," टिल्लू तोंडात पाव असतानाच म्हणाला. "एक बाळ पण आहे. ते माझ्या पलंगावर झोपलंय. मला नवीन पलंग हवाय."

नळ चालू होता, आईचा.

"तुझ्या पलंगावर?" बाबांनी विचारलं.

"घर दिलंय ना आम्ही. दिवसाला तीन हजार. पप्पा म्हणाले बिल वेगळं घ्यायचं, ते मामाला विचारू."

आत्याने टिल्लूच्या दंडाला चिमटा काढला, पण आता उशीर झाला होता. मग ती बाबांकडे वळली. तिच्या आवाजात शरम शोधली तर मला सापडली नाही, फक्त घाई होती. "म्हणजे बघ हं, सुट्टीत तिकडे सगळेच देतात घरं. आम्ही नाहीतरी तुझ्याकडे येणारच होतो. रिकामं ठेवून काय फायदा? चार पैसे वाचले तर तुझ्याच भाच्याला होतील."

मी बाबांकडे बघत होते. आता बोलतील. नुसतं एवढंच म्हणायचं होतं की ताई, यातले तीन हजार दे, हिचे कान गेलेत. सोपं वाक्य होतं. मी मनातल्या मनात त्यांच्या आवाजात म्हणूनही पाहिलं, छान जमलं.

बाबांनी टोपी पुन्हा घातली. "गीझरचे वेगळे घ्या भावोजी," ते म्हणाले. "युनिटप्रमाणे घ्या. नाहीतर तोटा होतो." आणि डबा उचलून ड्युटीवर गेले.

सोमवारी ड्युटी 'लवकर सुटली'. तळ्याकाठच्या हॉटेलात पांढरे टेबलक्लॉथ होते. आईने जाताजाता एकाची कड उचलून बघितली. "स्टार्च कमी पडलाय," ती माझ्या कानात म्हणाली. कुजबुजली असं तिला वाटलं, ऐकलं दोन टेबलांनी. आत्याने मान वर करून आईकडे क्षणभर नीट पाहिलं. पण जेवण आलं आणि आत्या जेवणाकडे वळली.

जेवणं झाली. बिल आलं, एका काळ्या पुठ्ठ्यात. वेटरने ते टेबलाच्या मध्यावर ठेवलं. काका तळं बघायला लागले, सहज. आत्या टिल्लूचं तोंड पुसायला लागली, पुसून झालं तरी पुसत राहिली. बाबांचा हात मांडीवर होता. मला दिसत होता, मी शेजारीच बसले होते. हात खिशापर्यंत गेला, परत आला, परत गेला. समोर आई बसली होती आणि ती बिलाकडे बघत नव्हती. बाबांच्या तोंडाकडे बघत होती, काउंटरवर गिऱ्हाइकाकडे बघते तशी.

"इकडे द्या," बाबा वेटरला म्हणाले.

होडीचे पैसेही त्यांनीच दिले, सहा तिकिटं. संध्याकाळी बसस्थानकावर आत्याकडे सुटे नव्हते म्हणून त्यांच्या परतीची तिकिटंही काढली. बस सुटताना आत्याने खिडकीतून बाबांच्या गालाला हात लावला. तिचे डोळे खरंच भरले होते. मी आत्याची नक्कल करू शकते, सगळं करू शकते, पण ते डोळे खोटे होते असं म्हणू शकत नाही. "स्वतःला जप रे," ती म्हणाली. "फार राबतोस."

घरी आल्यावर बाबांनी पाकिटातले पैसे काढले. दहा हजार चारशे. तीन हजार शंभर कमी. आत्याच्या घराचं एका दिवसाचं भाडं, वर शंभर.

बाबा आईच्या समोर येऊन बसले, तिला तोंड दिसेल असे. "तुला सांगायचं राहिलं. ताईने घर भाड्याने दिलं होतं. चार दिवस."

"माहीत आहे," आई म्हणाली. "शुक्रवारपासून."

बाबांना कळेना.

"भावोजी गॅलरीत फोनवर बोलत होते. काचेचं दार लावून. तुम्हाला कोणाला ऐकू आलं नाही. मला दिसलं. 'चावी कुंडीखाली आहे. भाडं आधी द्या.'"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची ताई आहे. म्हटलं तुम्हाला कळेल तेव्हा तुम्ही बोलाल." आई शांतपणे बोलत होती. हल्ली तिचा आवाज कधी मोठा, कधी लहान होतो, तेव्हा मात्र अगदी बेताचा होता. "काल सकाळी तुम्हाला कळलं. मी भांड्यांकडे तोंड करून उभी होते, पण खिडकीच्या काचेत टेबल दिसतं. काल नाही बोललात. आज बिल आलं, तेव्हाही मी तुमच्या तोंडाकडेच बघत होते."

"ताईला काय सांगणार होतो? ड्युटी नव्हती म्हणून? चार दिवस खोटा हिंडत होतो म्हणून?"

"हो. तेवढंच सांगायचं होतं."

आईने पाकीट उचललं, कपाटात ठेवलं आणि पत्त्यांचा जोड टेबलावरून काढून खणात टाकला. चार दिवसांत तो एकदाही उघडला गेला नव्हता.

मंगळवारी बाबा खऱ्या ड्युटीवर जाता जाता दुकानात गेले. मी बरोबर होते. थोडे आता, थोडे पुढच्या महिन्यात, असं त्यांनी विचारलं. मुलीने मान टाकली. "सॉरी सर, सवलत रोखीवरच आहे सर. पण सर, पुढच्या ईस्टरला परत येईल सर." घरी येऊन मी आईला लाँड्रीपर्यंत सोडलं. मालक दारातच होते. त्यांनी आईच्या कानांकडे पाहिलं, एका, मग दुसऱ्या. "माझं काही नाही हो," म्हणाले आणि मागच्या खोलीकडे हात केला. काउंटरवर एक नवीन मुलगी बसलेली होती. म्हणजे तिला आधीच सांगून ठेवलं असणार.

प्रेसच्या खोलीत मी एकदा जाऊन आले. तिथे वाफेचा इतका आवाज आहे की कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. सगळे तोंडाकडे बघून काम करतात आणि आई त्यात सगळ्यात हुशार आहे. मुकादम म्हणाला, "तुमच्या आईला एकदा सांगितलं की पुरतं." मी हे घरी करून दाखवलं, मुकादमाच्या मिशीसकट. आई हसली, पण आधीसारखी नाही.

महिन्याने आत्याचा फोन आला. बाबा उभे राहून बोलले. "म्हणजे बघ हं, इतकं बरं वाटलं तुमच्याकडे. पुढच्या ईस्टरलाही आम्हीच येऊ, तुम्ही कशाला दगदग करता?" बाबांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मला वाटलं, आता.

"या की," ते म्हणाले.

आई टेबलापलीकडे बसून बटण शिवत होती. तिने वर पाहिलं होतं. ते दोन शब्द ओळखायला फारशी हुशारी लागत नाही. ओठ जेमतेम हलतात.

बाबा अजूनही रोज संध्याकाळी जिन्याखाली वाकतात. पण आता आकडा तिथून फेकत नाहीत. तीन मजले चढून येतात, बूट काढतात, आईच्या समोर जाऊन उभे राहतात आणि तोंड मोठं उघडून, एक एक आकडा सुटा करून म्हणतात. मग सांगतात, पाच. हल्ली कधी चारसुद्धा असतात. आम्ही फार वाचवतो.

आई आधी त्यांच्याकडे बघते. आकडा सुरू झाला की ती मान खिडकीकडे वळवते. एवढंच करते. बाबा तरी शेवटपर्यंत म्हणतात, शून्य असेल तर शून्यसुद्धा.